गुडघाभर पाण्यातली चोरी

शब्द कडक आहे, ठाऊक आहे. पण गेले काही महिने हा विषय डोक्यात घोळतोय आणि दुसरं सौम्य नाव काही सुचलं नाही, तेव्हा राहू दे तोच.

पहाटे किनाऱ्यावर फिरायला जाणाऱ्यांना हल्ली अधूनमधून एक दृश्य दिसतं. ओहोटी लागलेली असते. मांडीएवढ्या पाण्यात कोणीतरी एकटाच उभा असतो. कानांवर हेडफोन, एका हातात लांब दांडा, त्याच्या टोकाला ताटाएवढी गोल चकती, आणि दुसऱ्या हातात भोकाभोकांचं मोठं फावडं. हे फावडं म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातला झाराच, फक्त राक्षसाच्या मापाचा. तो चकती डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत कूर्मगतीने पुढे सरकतो. मध्येच थांबतो, झारा वाळूत खुपसतो, वर काढून पाण्यात हलवतो. वाळू गळून जाते आणि उरलेलं काहीतरी तो कमरेच्या थैलीत टाकतो.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, पोलीस बॉम्ब शोधताहेत. मग कळलं की हा छंद आहे. समुद्रात पडलेली नाणी आणि दागिने शोधण्याचा छंद. परदेशात लाखो लोकांना आहे, आपल्याकडेही इंटरनेटवरून मशीन मागवता येतं, आणि गोव्याच्या किनाऱ्यावर सोनं कसं "उगवतं" याचे व्हिडिओ लोक मिटक्या मारत बघतात. परवा एका स्नेह्याने असाच एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, "बघ, तुमच्या गोव्यात काय काय सापडतं!"

सापडतं खरं. पण कोणाचं?

आधी त्या यंत्राबद्दल थोडं सांगतो, कारण त्याच्यावर माझा राग नाही. जखमी अमेरिकन अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलने १८८१ साली असलंच एक यंत्र बनवलं होतं. गोळी काही मिळाली नाही. पलंगाच्या गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी यंत्राला चकवलं असं सांगतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसात्स्की नावाच्या पोलिश अधिकाऱ्याने हातात धरून चालता येईल असं सुरुंग शोधणारं यंत्र बनवलं आणि १९४२ साली एल अलामेनच्या वाळवंटात ते कामी आलं. माणसं वाचवायला निघालेल्या दोन कल्पना. युद्ध संपल्यावर त्या छंदिष्टांच्या हाती गेल्या, यातही वाईट काही नाही.

खाऱ्या पाण्यात हे यंत्र चालवणं मात्र येरागबाळ्याचं काम नाही. खारं पाणी स्वतःच वीजवाहक. त्यामुळे एकाच वारंवारितेवर चालणारं साधं मशीन ओल्या वाळूत नुसतं कोकलत राहतं. त्यातून आपल्या किनाऱ्यावर काळी वाळू, म्हणजे इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट. मांडवीच्या गाळात तर खाणींच्या बार्जींतून सांडलेलं लोहखनिज! म्हणून पाण्यात उतरणारे लोक "पल्स इंडक्शन" जातीचं मशीन वापरतात. ते चुंबकीय ठोका सोडतं आणि तो विरताना कान देऊन ऐकतं. वाळूतला ठोका लगेच विरतो, धातूतला किंचित उशिरा. मिठाचा आणि काळ्या वाळूचा त्याला फारसा त्रास होत नाही. पण सोनं कुठलं आणि बाटलीचं बूच कुठलं हेही त्याला धड सांगता येत नाही. एकाच वेळी अनेक वारंवारिता वापरणारी नवी मशीनं थोडा अंदाज देतात. तरी बारीक अंगठीचा आवाज आणि बिअरच्या डब्यावरच्या कडीचा आवाज जवळपास सारखाच. सोनं हवं असेल तर कचरा उपसावाच लागतो. गोव्याच्या समुद्रातला खरा खजिना बिअरच्या बुचांचा आहे आणि तो मुबलक आहे. त्यावर कोणी हक्क सांगत नाही. सोनं वाळूपेक्षा सहा-सातपट जड, म्हणून प्रत्येक लाटेबरोबर खाली खाली जातं आणि शिंपल्यांचा किंवा चिकणमातीचा कठीण थर लागला की तिथे बसतं. पावसाळ्यात आपले किनारे खरवडले जातात, आश्विनानंतर वाळू परत येऊ लागते. मधल्या दिवसांत खालचा थर उघडा पडतो आणि हे लोक नेमके तेव्हाच येतात. अभ्यास दांडगा आहे, नाकारून चालणार नाही.

तर उत्तर गोव्यातल्या एका किनाऱ्यावर अशाच एकाशी माझी गाठ पडली. पुण्याकडचा मुलगा, तिशीतला, चांगल्या नोकरीतला, बोलायला अगदी गोड. मी मराठीत विचारलं तेव्हा खूश झाला. "काका, बसा ना, दाखवतो." थैली ओतली. बुचं, खिळे, शिशाचे गोळे (मासेमारीच्या जाळ्याचे), एक-दोन-पाच रुपयांची नाणी, चांदीचं एक जोडवं, एका कानातलं आणि एक अंगठी. अंगठीच्या आतल्या बाजूला एका बाईचं नाव कोरलेलं आणि पुढे तारीख.

मी म्हटलं, "ही तर कोणाच्या लग्नाची दिसते."

"हो ना काका, नशीब बघा! चार ग्रॅम तरी असेल." आणि त्याने मला सोन्याचा भाव सांगितला. तोळ्याला लाखाच्या वर गेलेला भाव मला ठाऊक होता. मी त्याला वेगळं काही विचारत होतो.

इथे थोडं स्वतःचं सांगणं भाग आहे. माझ्या धाकट्या बहिणीची अंगठी केरीच्या किनाऱ्यावर गेली. लग्नाला पुरतं दीड वर्षही झालं नव्हतं. पोराटोरांबरोबर कमरेएवढ्या पाण्यात खेळत होती, अंगाला तेल लावलेलं, एक लाट आली आणि बोट रिकामं. आम्ही सहा-सात जणांनी काळोख पडेपर्यंत पायांनी वाळू चाचपली. दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन नोंद करायला गेलो. टेबलामागच्या माणसाने लिहून घेतलं नाही. "समुद्रात पडली ना? मग समुद्राला विचारा," एवढंच म्हणाला आणि हसला. त्या हसण्याचा मला त्या अंगठीपेक्षा जास्त राग आला. तिच्या सासूने काही म्हटलं नाही, पण "काही म्हटलं नाही" हे ती वर्षभर सगळ्यांना सांगत राहिली. ज्यांना अशा घरांची ओळख आहे त्यांना यापुढे सांगायला नको.

म्हणजे वाळूतली अंगठी बेवारस नसते. तिच्यामागे कुठेतरी एक बाई असते आणि तिला जागा पाठ असते.

त्या मुलाचं म्हणणं काय होतं? तेही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. तो म्हणाला, "काका, मी काढली नसती तर ती कोणालाच मिळाली नसती. दहा वर्षांत खाली खडकापर्यंत गेली असती. मी कष्ट केले, मशीनला पैसे घातले, पहाटे चारला उठलो. मग माझी का नाही?"

युक्तिवाद बिनतोड वाटतो. मलाही दोन मिनिटं वाटला. पण त्यात एक चलाखी आहे. काढण्याचे कष्ट आणि ठेवून घेण्याचा हक्क या दोन गोष्टी त्याने एका वाक्यात बसवल्या आहेत. विहिरीत पडलेली शेजाऱ्याची घागर गळ टाकून वर काढली तर कष्टाचे पैसे मागा, चहा मागा, घागर तुमची कशी होते? त्याने काढली म्हणून मी त्याला शंभर वेळा शाबास म्हणेन. माझ्या बहिणीची कोणी काढली असती तर मी त्याच्या पाया पडलो असतो. प्रश्न वाळूतून बाहेर आल्यानंतरचा आहे.

आणि हे काही माझं हळवेपण नव्हे, कायदाच असं म्हणतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४०३ होतं, लबाडीने दुसऱ्याची वस्तू आपलीशी करण्याबद्दलचं. आम्हा गोवेकरांच्या वाट्याला ही संहिता मुक्तीनंतर आली. त्या कलमाखाली समजावून सांगायला छोटी छोटी उदाहरणं दिलेली होती आणि ती मला फार आवडतात, कारण ती एखाद्या शहाण्या आजोबांनी नातवाला सांगावीत तशी आहेत. रस्त्यावर एक रुपया सापडला, कोणाचा ठाऊक नाही, उचलला, तर गुन्हा नाही. मौल्यवान अंगठी सापडली, कोणाची ठाऊक नाही, पण मालक शोधण्याचा काहीच प्रयत्न न करता लगेच विकली, तर गुन्हा. १ जुलै २०२४ पासून जुनी संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली, तिथे हेच कलम ३१४ झालं. अंगठी तिथेही आहे. आता तर किमान सहा महिन्यांची कैद सांगितली आहे. नाणं आणि अंगठी यांतला फरक ज्याला दीडशे वर्षांपूर्वी कळत होता, त्याच्याकडे मोबाइल नव्हता. याच्याकडे आहे. आतलं नाव आणि तारीख यांचा फोटो काढून चार ठिकाणी पाठवायला पाच मिनिटं लागतात. किनाऱ्यावरच्या हॉटेलात, जीवरक्षकांकडे, पंचायतीत एकेक चिठ्ठी ठेवायला अर्धा तास. जो माणूस एका अंगठीसाठी दोनशे बुचं उपसतो, त्याला अर्धा तास नाही?

"बघतो काका," तो म्हणाला.

इथवर सोपं होतं. खरी वेदना पुढेच आहे.

त्याने खिशातून एक छोटी प्लास्टिकची पिशवी काढली. "हे बघा, हे तुमचंच आहे." तुमचंच, म्हणजे गोव्याचं. हातावर एक झिजलेलं, वेडंवाकडं तांब्याचं चकतं. एका बाजूला चक्राची आकृती अजून ओळखू येत होती. बझारुक! पोर्तुगीज गोव्यातली चिल्लर. हे चक्र म्हणजे सेंट कॅथरिनचं चाक. आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा दुसऱ्यांदा घेतला तो २५ नोव्हेंबर १५१० चा दिवस त्या संतिणीचा, म्हणून तिचं चाक गोव्याच्या नाण्यावर चढलं. चारशे वर्षांपूर्वी कोणीतरी हे देऊन मासळी नाहीतर पानसुपारी घेतली असणार. माझे हात खरोखर थरथरले.

"कुठे मिळालं?" मी विचारलं.

आणि तो हसला. "ते नाही सांगत काका. आमच्यात जागा सांगत नाहीत."

मला राग आला तो या वाक्याचा. हा लेख लिहायला बसलो तोही त्याचमुळे. या छंदाचा पहिला नियम काय, तर जागा सांगायची नाही. आणि इतिहासाला लागते फक्त जागा! बझारुक म्हणून बझारुक कशाला हवं? तसली नाणी बाजारात काही दुर्मीळ नाहीत. पण एखाद्या ओसाड खाडीच्या तोंडाशी, चार हात खोल गाळात, एका विशिष्ट थरात ते सापडलं तर ते सांगतं की इथे धक्का होता, इथे होड्या लागत, इथे देवघेव होई. उपटून पिशवीत घातलं की ते मुकं होतं. वहीचं पान फाडून त्यावरची शाई तेवढी जपून ठेवल्यासारखं आहे हे.

कदंबांचं उदाहरण घ्या. गोव्याच्या कदंबांचं सोन्याचं गद्याण, त्यावर सिंह आणि "श्री सप्तकोटीश्वर लब्धवरप्रसाद" ही अक्षरं. सप्तकोटीश्वर हे कदंबांचं दैवत. त्याचं मूळ देऊळ मांडवीतल्या दिवाडी बेटावर होतं. पोर्तुगिजांनी ते मोडलं, देव पलीकडे डिचोलीच्या नार्व्याला गेला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. आता असं एक गद्याण समजा दिवाडीच्या काठच्या पाण्यात सापडलं, तर ते देवळाबद्दल आणि नदी ओलांडणाऱ्या यात्रेकरूंबद्दल बोलेल. तेच जुवारीच्या काठी, गोवा वेल्ह्याकडे, जिथे कदंबांचं गोपकपट्टण बंदर होतं आणि जुन्या धक्क्याचे जांभे दगड दिसतात, तिथे सापडलं तर ते व्यापाराबद्दल बोलेल. आणि पणजीच्या किनाऱ्यावर सापडलं तर कदाचित एखाद्या संग्राहकाच्या खिशातून गेल्या वर्षी पडलेलं असेल! नाणं तेच, वजन तेच, बाजारातली किंमतही तीच. इतिहास तीन वेगळे. "जागा सांगत नाहीत" म्हणणारा माणूस हे तिन्ही इतिहास एका झटक्यात बुडवतो.

दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी गोव्याच्या समुद्रात बुडालेली जहाजं अभ्यासली आहेत. सुंची रीफवरचं जहाज सतराव्या शतकातलं, पोर्तुगीज. काही मीटर पाण्यात पडलेलं, म्हणजे तसं उथळच. त्याची गोष्ट कशाने कळली? सोन्याने नाही. हत्तीच्या सुळ्यांनी, पाणघोड्याच्या दातांनी आणि चिनी मातीच्या भांड्यांच्या खापऱ्यांनी. पाणघोड्याचे दात म्हटल्यावर आफ्रिकेचा किनारा डोळ्यांपुढे येतो, चिनी भांडी म्हटल्यावर पूर्वेचा व्यापार. सेंट जॉर्ज रीफवरच्या दुसऱ्या जहाजात बासेल मिशनच्या कारखान्याचा शिक्का असलेला कौलारू माल होता, शिक्क्यात १८६५ हे साल. झालं, जहाज त्यानंतरचं हे एका कौलाने सांगितलं. मेटल डिटेक्टर घेऊन उतरणारा माणूस या दातांवर आणि कौलांवर पाय देऊन पुढे गेला असता, कारण त्याच्या मशीनला ती ऐकूच येत नाहीत.

कोणी म्हणेल, तुम्ही गरिबांच्या पोटावर उठलात. नदीत नाणी शोधून जगणारे लोक नाहीत का? आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला एक अक्षर वाईट बोलायचं नाही. सोनारांच्या दुकानांतला केर आणि राख धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या होते. तीर्थाच्या ठिकाणी भाविकांनी टाकलेली नाणी बुड्या मारून काढणारी पोरं आजही दिसतात, दोरीला लोहचुंबक बांधून पुलावरून सोडतात. हल्लीची पुष्कळ नाणी पोलादाची, म्हणून ती चुंबकाला चिकटतात. (जुन्या तांब्या-चांदीला चुंबक विचारत नाही. गरिबांचं हत्यार आपोआप इतिहासाला हात लावत नाही, हे मला नेहमी गमतीचं वाटतं.) ते नाणं देणाऱ्याने जाणूनबुजून सोडलेलं असतं. गंगेला वाहिलं, गंगेने पोराला दिलं. तिथे कोणी बाई घरी बसून रडत नाही.

आणि उथळ पाणी रिकामं पडलेलं नाही, हेही या पाहुण्यांना सांगायला हवं. शिरदोण, आगशीकडे ओहोटीला बघा, बायका तिसऱ्या आणि खुबे काढायला उतरलेल्या असतात. पायांच्या बोटांनी वाळू वाचतात, कुठलं मशीन त्यांच्या पासंगाला पुरणार नाही. त्यांतल्या एकीला मी विचारलं, कधी सोनं सापडलं का? म्हणाली, एकदा कानातलं सापडलं होतं. मग काय केलंत? तिने ते वाटेवरच्या खुरसाच्या पेटीत टाकलं होतं. का, असं विचारल्यावर तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझाच प्रश्न घाणेरडा वाटला. "म्हजें न्हय तें, हांव कित्याक घेवूं?" इंग्रजांच्या संहितेतलं अंगठीचं उदाहरण तिने वाचलं नव्हतं.

पण थांबा, नुसतं त्या मुलाला धोपटून मी सुटलो असं नको. तो बझारुक विकायला जाईल तेव्हा घेणार कोण? आम्हीच. कदंबांचं नाव घेतलं की छाती फुगवणारे, व्याख्यानांत सप्तकोटीश्वर आळवणारे, नाण्यांच्या प्रदर्शनात हावऱ्यासारखे फिरणारे आम्ही मराठी लेखक-संग्राहक. विकणाऱ्याला "हे कुठून आलं?" असं आम्ही विचारत नाही. विचारलं तर भाव कमी होईल किंवा नाणं हातचं जाईल. माझ्या कपाटात दोन पोर्तुगीज नाणी आहेत, फार वर्षांपूर्वी घेतलेली. कुठून आली मी विचारलं नव्हतं. तेव्हा या चोरीत माझाही वाटा आहे, आणि तो लपवून हा लेख लिहिणं हा दांभिकपणा झाला असता. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं नाणं ही पुरावस्तू. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. प्रदर्शनातल्या किती टेबलांवर कोणी परवाना बघतं? मी तरी कधी बघितलेला नाही.

आता सरकारकडे वळू. समजा तो मुलगा उद्या शहाणा झाला आणि म्हणाला, काका, हे बझारुक मी सरकारला देतो, जागाही सांगतो. त्याला काय मिळेल? गुप्तधनाबद्दल आपल्या देशातला कायदा १८७८ चा. दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं, जमिनीत दडवलेलं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. दहा रुपये! १८७८ साली ती मोठी रक्कम होती, आज तेवढ्यात चहा येत नाही. कळवलं नाही तर वर्षापर्यंत कैद. कळवलं आणि सरकारला ती वस्तू हवी असली तर सरकार पैसे देणार, कसे? धातूच्या किमतीइतके, अधिक एक पंचमांश. म्हणजे तांब्याच्या बझारुकाला मोडीच्या भावाने तांब्याचे काही रुपये आणि वर पंचमांश. बाजारात त्याच नाण्याचे किती येतात हे त्या मुलाला पक्कं ठाऊक आहे. एका हाताला तुरुंग आणि दुसऱ्या हाताला मोडीचा भाव, असं दाखवल्यावर कोण कळवेल? शिवाय "जमिनीत दडवलेलं" या शब्दांत समुद्राच्या पाण्याखाली पडून राहिलेलं नाणं बसतं का, यावर वकील पाच वर्षं भांडतील. ज्यांनी हा कायदा केला त्या इंग्रजांनी आपल्या घरी मात्र तो केव्हाच बदलला. त्यांचा १९९६ चा कायदा म्हणतो, चौदा दिवसांत कळवा, संग्रहालयाला हवं असेल तर बाजारभावाने मोबदला मिळेल. आणि कायद्यात न बसणाऱ्या किरकोळ वस्तूंसाठी १९९७ पासून तिथे नोंदीची योजना चालते. माणूस येतो, वस्तू दाखवतो, जागा सांगतो, नोंद होते, वस्तू परत घेऊन जातो. दहा लाखांच्या वर वस्तूंची नोंद झाली आहे. तिथेही रात्री चोरून खणणारे आहेतच, सगळे साधू झाले असं नाही. पण सांगावंसं वाटणाऱ्याला सांगायला एक खिडकी आहे. आमच्याकडे ती खिडकीच नाही. माझ्या बहिणीला नव्हती, त्या मुलालाही नाही.

म्हणून मी यंत्रावर बंदी मागत नाही. बंदी आली की हेच लोक पहाटे चारऐवजी रात्री दोनला येतील, एवढंच. मला हवी आहे ती किनाऱ्यावरच्या प्रत्येक पंचायतीत एक वही. हरवलं ते लिहायला एक बाजू, सापडलं ते लिहायला दुसरी. पाण्यात मशीन घालायचं असेल तर आधी वहीत नाव लिहा. दागिना सापडला तर फोटो आणि पावती. ठराविक मुदतीत मालक आला तर शोधणाऱ्याला बक्षिसी, नाही आला तर वस्तू खुशाल त्याची. जुनं नाणं असेल तर जागेसकट नोंद. संग्रहालयाला हवं असेल तर त्याने बाजारभाव मोजावा, नको असेल तर नाणं ज्याचं त्याला परत. आणि जुन्या गोव्याच्या देवळा-चर्चांच्या परिसरात, गोपकपट्टणाच्या धक्क्यावर, दिवाडीच्या काठाला मशीन अजिबात नको, तिथे ज्यांना थर वाचता येतात त्यांनीच उतरावं. यात काय अवघड आहे? एक वही, एक कारकून आणि कारकुनाने न हसणं. शेवटचंच कदाचित सगळ्यात महाग पडेल.

असो. त्या मुलाला मी निघताना माझा फोन नंबर दिला. म्हटलं, अंगठीचा फोटो पाठव, नाव आणि तारीख दिसेल असा, बाकी शोधायचं काम माझं. आणि बझारुकाची जागा मला एकट्याला सांग, मी ती संशोधकांपलीकडे कोणाला सांगणार नाही, नाणं तुझ्याकडेच राहू दे. त्याने नंबर नीट सेव्ह केला, पाया पडायला वाकला, "नक्की काका" म्हणाला. याला आता सात आठवडे झाले. फोटो आलेला नाही.